शनिवारची कात्री

टेलरकाकूंना उभ्या आयुष्यात कुणी कसलं पद दिलं नव्हतं. बत्तीस वर्षं तळमजल्याच्या खोलीत, गल्लीकडच्या खिडकीशी मशीन लावून बसलेल्या बाईला पद देणार तरी कोण आणि कशाचं? त्यामुळे गल्लीच्या समितीनं त्यांना शनिवारच्या खेळाची राखणदार नेमलं, तेव्हा काकूंचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. दोन रात्री जागून त्यांनी स्वतःला एक निळा कोट शिवला. खिशावर शिट्टी अडकवायला छोटासा लूपही लावला. शिट्टी वाजवायची नाही असं नियमात स्पष्ट लिहिलं होतं, हे त्यांना नंतर कळलं. पण लूप शिवून झाला होता, आणि शिवलेलं उसवायला काकूंच्या जिवावर येतं.

तर हा सगळा प्रकार काय होता ते सांगते. शहरात एक निधी होता. मुलांनी घराबाहेर पडावं आणि मनाला येईल ते खेळावं, एवढ्याच कामासाठी तो होता. वस्तीतल्या घरांनी आपापला वाटा घालायचा आणि तेवढीच भर निधीनं घालायची. त्यातून गल्लीच्या तोंडाला साखळी, एक नळ, वाळूचा ढीग, आणि फळ्या, दोऱ्या, जुने टायर ठेवायला एक शेड. झोपाळे नाहीत, घसरगुंडी नाही. मुलांना काही शिकवायचं नाही, स्पर्धा घ्यायची नाही, बक्षीस द्यायचं नाही, हाका मारून बोलवायचंसुद्धा नाही. राखणदारानं फक्त साखळीपाशी बसायचं आणि गाड्या अडवायच्या. आणि एक अट होती. तीन शनिवार करून बघायचं, चार ते सहा. तिसऱ्या शनिवारी निधीच्या मॅडम येऊन मोजणार. बारा मुलं आपण होऊन बाहेर दिसली तर पैसे मिळणार, नाहीतर रांगेतल्या पुढच्या वस्तीला जाणार.

अर्ज काकूंनीच लिहिला होता. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. समितीचे अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले, त्यांनी तो बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवला. ‘आमच्या गल्लीत एके काळी संध्याकाळी मुलांच्या आवाजानं कान किटत. मग मोबाईल आले आणि गल्ली मुकी झाली.’ या वाक्याला टाळ्या पडल्या. काकूंनी मान खाली घातली, पण कान मात्र टवकारलेलेच होते. घरी गेल्यावर त्यांनी ते वाक्य नवऱ्याला दोनदा ऐकवलं. नवरा पोस्टातून निवृत्त झालेला, शब्दकोड्यात डोकं घालून बसलेला. तो ‘हं’ म्हणाला. त्या ‘हं’मध्ये बरंच काही होतं, पण काकूंनी तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही.

पहिल्या शनिवारी सात मुलं आली. आली म्हणजे आयांनी दारातून बाहेर ढकलली. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तशी ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग हळूहळू सरकत गल्लीच्या पार पलीकडच्या टोकाला गेली आणि तिथे वाळू उकरत बसली. तिकडे सावली आहे म्हणून गेली असतील, असं काकूंना वाटलं. दुसऱ्या शनिवारी नऊ आली. सामानात एक कोरा करकरीत लाल बॉल होता. दोन तासांत त्याला कुणी पायसुद्धा लावला नाही.

“काय पिढी आहे,” काकू घरी येऊन म्हणाल्या. “समोर बॉल पडलाय आणि ढुंकून बघत नाहीत. सगळा त्या मोबाईलचा परिणाम.”

नवरा म्हणाला, “आठ अक्षरी शब्द सांग. ‘स्वतःचे दोष न दिसणारा.’”

“मला नाही येत,” काकू म्हणाल्या.

“मलाही नाही येत,” नवरा म्हणाला आणि त्यानं पान उलटलं.

नऊवरून बारावर कसं जायचं? मुलांना हाक मारायची नाही, पण पालकांशी बोलायला बंदी नव्हती. काकूंनी वही घेतली, निळा कोट चढवला आणि गुडघे कुरकुरत असताना घरोघरी फिरायला सुरुवात केली. गल्लीत लहानमोठी बावीस मुलं होती. कुठे चहा मिळाला, कुठे ‘बघू या हं काकू’ मिळालं. सगळेच गोड बोलले, जरा जास्तच गोड बोलले. शेवटी राहिला तिसऱ्या मजल्यावरचा बारक्या.

बारक्या म्हणजे वायरमन. चांगला पस्तीस वर्षांचा, दारातून वाकून आत येणारा गडी. पण जन्मला याच गल्लीत आणि वाढलाही इथेच, म्हणून लहानपणचं नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. बायको इस्पितळात नर्स. मुलगी सात वर्षांची. घरात दिवसभर गरगर फिरते म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. खालच्या मजल्यावरच्यांना छतावर तिचे पाय ऐकू यायचे, पण तिला गल्लीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. शाळेत जाताना ती आईचा हात धरून भिंतीच्या कडेनं जायची.

काकू जिना चढून वर पोचल्या तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. आत आईचं भरवणं चाललं होतं.

“आटप बघू. एवढा एकच घास. नाहीतर खालून कात्रीकाकू येईल हं.”

काकूंना हसू आलं. आपल्या वेळी बागुलबुवा असायचा, आता कात्रीकाकू आली वाटतं. गंमत म्हणून त्यांनी दार ढकललं आणि आवाज बदलून म्हणाल्या, “आली बघ कात्रीकाकू.”

ताटली जमिनीवर आपटली. भिंगरी किंचाळलीसुद्धा नाही. सरपटत कॉटखाली गेली आणि पार भिंतीला जाऊन चिकटली. तिच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला.

“काकू... तुम्ही... या ना, बसा,” ती म्हणाली. हात मात्र चमच्यासकट तसाच हवेत होता.

काकू अजून हसतच होत्या. घाबरवलं की काय मी, असं काहीतरी म्हणणार होत्या. तेवढ्यात कॉटखालून बारीक आवाज आला.

“आई, तिच्या हातात आहे का बघ ना.”

काकूंनी आपल्या हाताकडे पाहिलं. हातात वही होती. गळ्यात टेप लोंबत होती, ती काढायची राहिली होती. आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पायाखालची फरशी दुभंगावी आणि आपण सरळ आपल्या तळमजल्यावर जाऊन पडावं, असं त्यांना वाटलं.

आतल्या खोलीतून बारक्या हात पुसत बाहेर आला. त्यानं काय झालं ते एका नजरेत ओळखलं. बायकोला डोळ्यानं ‘तू राहू दे’ म्हणाला आणि काकूंना खुर्ची दिली. काकू बसल्या.

“मला म्हणतात हे?” त्यांनी विचारलं.

“पोरं काहीही म्हणतात काकू.”

“कधीपासून?”

बारक्या समोर बसला. “मी नऊ वर्षांचा होतो,” तो म्हणाला. “टायफॉइडमधून उठलो होतो. बाबांनी लाल बॉल आणला होता. तिसऱ्या दिवशी तो तुमच्या खिडकीतून आत गेला. मी पायरीवर आलो आणि म्हणालो, काकू, बॉल द्या.”

काकू आठवू लागल्या. खरोखर जीव तोडून आठवू लागल्या. काही आठवेना.

“तुम्ही मशीनवरून मान वर केली नाहीत. खिळ्यावरची कात्री काढली, बॉल कापला. एका झटक्यात. दोन्ही तुकडे माझ्या हातात दिलेत आणि म्हणालात, हे घे, आता दोन झाले. एक धाकट्याला दे. तुमच्या दुकानात दोन बायका होत्या, त्या खूप हसल्या.”

आता मात्र काकूंना आठवलं. मुलगा नाही आठवला, विनोद आठवला. तो विनोद त्यांनी पुढे कितीतरी वर्षं गिऱ्हाइकांना सांगितला होता. ‘आता दोन झाले, एक धाकट्याला दे.’ ऐकणाऱ्या बायका पोट धरून हसायच्या. काकूही हसायच्या. विनोद लक्षात राहिला आणि पोरगं विसरून गेलं, ही गोष्ट त्यांना सगळ्यांत जास्त लागली.

“त्याच्या आधी एका बाईच्या रेशमी फ्रॉकवर चिखलाचा बॉल पडला होता,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी द्यायचा होता तो. मला भरून द्यावा लागला.” बोलता बोलताच त्यांना स्वतःच्या आवाजाची लाज वाटली. सव्वीस वर्षांनी नऊ वर्षांच्या पोरापुढे सबब सांगत होत्या.

“असेल ना,” बारक्या म्हणाला. “तेव्हा आम्हाला ते कुठलं कळायला.”

“किती कापले मी? तीन-चार असतील ना?”

“अकरा.”

“मोजलेत?”

“पोरं मोजतात काकू.” तो म्हणाला. “मी भिंगरीला काही सांगितलेलं नाही, शप्पथ. हिलाही सांगितलं नव्हतं. पण आमच्यातल्यांनी धाकट्यांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या धाकट्यांना. ते आपलं आपण खाली उतरत आलं. तुम्ही कापायचं कधीच सोडलं असेल, पण इथे सगळ्यांनी बॉल आणायचंच सोडलं होतं. ते तुमचं मोबाईलचं वाक्य छान आहे. पण मोबाईल यायच्या दहा वर्षं आधीच गल्ली बंद पडली होती.”

त्यानं हे रागानं म्हटलं असतं तर काकूंना भांडता आलं असतं. भांडणात त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. पण तो आपला वायरचा बिघाड सांगावा तसं सांगत होता, कुठे जळलं आणि कधीपासून. काकू उठल्या. कॉटकडे न बघता बाहेर पडल्या.

तिथून त्या थेट औषधाच्या दुकानात गेल्या. “मला राखणदार नको,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाला तरी बसवा. पोरं मला घाबरतात.”

औषधवाल्यांनी दुकानात दुसरं कुणी नाही याची खात्री केली. “घाबरतात ते माहीत आहे,” ते म्हणाले.

“माहीत आहे? मग मला का नेमलंत?”

औषधवाले मुळात सज्जन माणूस. खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात, म्हणून ते शक्यतो बोलतच नाहीत. “आता विषय निघालाच आहे तर सांगतो. वाईट वाटून घेऊ नका. समितीत चर्चा झाली होती. गल्लीत खेळ सुरू केला तर पहिली हरकत कोण घेणार? तुम्ही. म्हटलं, अर्जच त्यांच्या हातून लिहून घेऊ. आणि त्या दोन तासांत तुम्ही बाहेर खुर्चीवर बसलात म्हणजे आत...” त्यांनी काउंटरवरची बाटली सरळ केली. “आत मशीनपाशी नसाल.”

म्हणजे पद नव्हतं, बंदोबस्त होता. काकूंनी निळ्या कोटाची बटणं दुकानातच काढली. कोट हातावर घेऊन त्या घरी चालत गेल्या, आणि ते पन्नास पावलांचं अंतर त्यांना संपता संपेना. प्रत्येक खिडकीमागे कुणीतरी उभं आहे आणि त्या माणसाला सगळं ठाऊक आहे असं त्यांना वाटत राहिलं. तसं खरोखरच होतं. ज्याला त्याला ठाऊक होतं. फक्त एकीला नव्हतं, आणि तिनं अर्ज लिहिला होता.

“तुम्हाला माहीत होतं?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“होतं.”

“मग इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचं होतंत.”

“कात्री तुझ्या हातात होती,” नवरा म्हणाला. एरवी तो असं काही बोलून स्वतःच हसायचा. या वेळी हसला नाही. पेन खाली ठेवून म्हणाला, “बोलायला हवं होतं. चुकलं माझं.” काकूंना ते जास्त जड गेलं. त्यानं चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

आता ती कात्री. दहा इंची, काळ्या मुठीची, पहिल्या मोठ्या कामाच्या पैशातून घेतलेली. खिडकीशेजारी खिळ्यावर टांगलेली असायची. तिला घरात कुणी हात लावायचा नाही. एकदा नवऱ्यानं त्या कात्रीनं वर्तमानपत्रातलं कोडं कापलं, तेव्हा काकू चार दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. कागदानं धार जाते. अलीकडे मधला स्क्रू झिजला होता. धारवाला दर खेपेला म्हणायचा, बाई, दोन दिवस ठेवा माझ्याकडे, नवीन घालून देतो. पण दोन दिवस कात्री दुसऱ्याच्या हातात द्यायची हे काकूंना पटायचं नाही. त्यामुळे ते तसंच राहिलं होतं.

ती कात्री घेऊन तिसऱ्या शनिवारी दुपारी काकू पुन्हा जिना चढल्या. बारक्याची बायको ड्युटीवर गेली होती. दार बारक्यानं उघडलं. काकू आत गेल्या नाहीत. गुडघ्यावर हात टेकत उंबऱ्यापाशी खाली बसल्या आणि टॉवेलात गुंडाळलेली कात्री फरशीवर ठेवली.

“भिंगरी,” त्या कॉटच्या दिशेनं म्हणाल्या, “ही चार ते सहा तुझ्याकडे ठेवायची. मी मागितली तरी द्यायची नाही.”

मग कॉटखालून प्रश्न आला. “बाबांनी मागितली तर?”

“बाबांनाही नाही.”

“कारण बाबा तुला परत देतील. बाबा तुला घाबरतात.”

बारक्या छताकडे बघू लागला. काकू म्हणाल्या, “म्हणूनच तुझ्याकडे देतेय.” एक हात बाहेर आला, त्यानं टॉवेल आत ओढून घेतला. काकू कठडा धरून खाली उतरल्या. ‘खाली खेळायला ये’ हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते, पण ते म्हणायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटलं.

चार वाजता साखळी लागली. खुर्चीवर औषधवाले बसले, बारक्याही खाली आला. निधीच्या मॅडम स्कूटरवरून आल्या. तरुण, दमलेली मुलगी, हातात पॅड. काकू आपल्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, एका कोटाच्या पांढऱ्या अस्तराला हातशिलाई घालत होत्या. खिडकी लावून घ्यावी असं त्यांच्या मनात दहा वेळा आलं. पण बंद खिडकीला पोरं आणखी घाबरतील.

कात्री तिसऱ्या मजल्यावर आहे, ही बातमी कशी कोण जाणे, गल्लीभर झाली होती. मुलं आली. आधी पाच, मग आठ, मग अकरा. पहिल्यांदाच ती अलीकडच्या टोकाला आली. कुणी टायर लोटला, कुणी दोरी बांधून एकमेकांना ओढलं, दोघांचं भांडण झालं आणि आपोआप मिटलं. आणि मग कुणीतरी लाल बॉलला लाथ मारली. तो आवाज काकूंनी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. बघा, त्या मनात म्हणाल्या, मी इथे बसलेय आणि तरी सगळं ठीक चाललंय. अकरा आहेत, एक येईलच. त्यांना जरा बरंसुद्धा वाटायला लागलं होतं.

पावणेसहाला बॉल खिडकीतून आत आला. टप्पा पडला तो थेट मांडीवरच्या पांढऱ्या अस्तरावर. नळाखालची ओली वाळू त्यावर गोल उमटली.

आणि काकूंचा हात गेला.

कसा गेला, कधी गेला, त्यांना कळलं नाही. मनात राग नव्हता. मनात काहीच नव्हतं. डावा हात बॉलवर पडला, उजवा हात मान वर न करता शेजारच्या खिळ्याकडे गेला आणि रिकाम्या खिळ्यावर चाचपडला. एकदा चाचपडला, दुसऱ्यांदा चाचपडला. तेव्हा कुठे काकूंनी आपल्याच हाताकडे पाहिलं.

बाहेर चिडीचूप शांतता होती. अकराच्या अकरा मुलं टायरांमागे, शेडमागे, जिन्यात पळाली होती. गल्ली रिकामी. खिडकीसमोर एकटा बारक्या उभा होता आणि त्यानं सगळं पाहिलं होतं.

काकूंनी हात खाली घेतला. कुणी भर चौकात अंगावरचं वस्त्र ओढावं, तसं त्यांना झालं. बारक्या पायरीवर आला. त्यानं हात पुढे केला. त्याच्या त्या रुंद तळहाताला वायरचे चट्टे होते.

“काकू,” तो म्हणाला, “बॉल द्या.”

काकूंनी बॉल दिला. “माझा हात गेला, बारक्या.”

“पाहिलं मी.”

“कात्री असती तर मी...”

“म्हणून ती वर आहे,” तो म्हणाला. बॉल उराशी धरून तो तसाच उभा राहिला.

वरच्या गॅलरीतून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला. “बाबा, घाबरू नका. कात्री माझ्याकडे आहे. मी घट्ट धरलीय.”

जिन्यातून एक डोकं बाहेर आलं, मग टायरामागून दोन. मुलं परत आली. निधीच्या मॅडमनी पॅडवरून मान वर केली. “कसली कात्री?” त्यांनी विचारलं.

औषधवाल्यांचे कान लाल झाले. काकू पायरीवर आल्या. आता सांगितलं तर पैसे जातील, हे त्यांना कळत होतं. पण न सांगता उभं राहणं त्यांना जमेना.

“माझी,” त्या म्हणाल्या. “मी या गल्लीतल्या मुलांचे अकरा बॉल कापले. म्हणून इथे कुणी खेळत नव्हतं. अर्जात मोबाईल लिहिलंय ते खोटं आहे. ती वर बसलीय ती माझी कात्री राखतेय. आत्ताही बॉल आला तर माझा हात कात्रीकडे गेला.”

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग गॅलरीकडे, मग घड्याळाकडे. सहाला आठ कमी होते. “अर्जाचं मी बघते,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पण अकराच आहेत. गॅलरीतली बाहेर धरता येत नाही मला.”

बारक्यानं वर बघून विचारलं, “भिंगरे, माझ्याकडे देतेस का ती?”

“नाही.”

“औषधवाल्या आजोबांकडे?”

“नाही. तेही तिला घाबरतात.”

हसायची सोय नव्हती, तरी कुणीतरी हसलं. काकूंनी एकवार गल्लीकडे पाहिलं. मग त्या मुलांना म्हणाल्या, “सगळ्यांनी साखळीपाशी जा. पार तिकडे.” मुलं गेली. काकू स्वतः भिंतीला लागून उभ्या राहिल्या आणि वर बघून म्हणाल्या, “भिंगरी, टाक ती खाली. माझ्या पायरीवर.”

“मोडेल ना.”

“मोडू दे.”

“मग परत मिळणार नाही.”

“नको मला.”

टॉवेल सुटला आणि मागोमाग कात्री आली. दगडी पायरीवर तिचा असा आवाज झाला की काकूंचे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा झिजलेला स्क्रू उडून गटाराच्या जाळीकडे घरंगळत होता आणि दोन पाती दोन बाजूंना पडली होती. जिन्यात धाडधाड पावलं वाजली. तीन मजले एका दमात. भिंगरी दारातून बाहेर आली, काकूंच्या अगदी जवळून गेली, त्यांच्याकडे बघितलं नाही, सरळ बापाजवळ गेली. त्याच्या हातातला बॉल तिनं घेतला आणि जोरात लाथ मारली. तो पार पलीकडे गेला आणि अकरा जण ओरडत त्याच्यामागे धावले.

मॅडमनी पॅडवर एक रेघ मारली.

बारक्या वाकला. त्यानं एक पातं उचललं, दुसरं उचललं, आणि दोन्ही शर्टाला पुसली. मग काकूंच्या समोर आला आणि दोन्ही पाती त्यांच्या दोन हातांत ठेवली, मुठीची बाजू त्यांच्याकडे करून, लागू नये अशी.

काकू वाट बघत होत्या. आता तो म्हणेल. म्हणायलाच हवं, सव्वीस वर्षं जपून ठेवलंय त्यानं. हे घ्या काकू, आता दोन झाले. त्यांनी मान खाली घातली आणि ऐकायची तयारी केली. दुकानातल्या त्या दोन बायका हसल्या तशी सगळी गल्ली हसली असती तरी त्यांची तक्रार नव्हती.

बारक्यानं ते म्हटलं नाही. मग बॉल आपल्या बाजूला येताना दिसला, म्हणून वळून मुलांमध्ये गेला. काकू दोन्ही हातांत दोन पाती धरून पायरीवर उभ्या होत्या, आणि ते वाक्य त्यांनी स्वतःच स्वतःला म्हटलं, शेवटपर्यंत, धाकट्यासकट. त्यांना हसू आलं नाही.